वादात सापडलेल्या बायबल-वचनांना उत्तर देताना : कोल्हापूरच्या ख्रिस्ती वाचकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कोल्हापुरातील ख्रिस्ती माणसाला बायबलमधील एखाद्या वचनाविषयी प्रश्न विचारला जातो तो क्वचितच चर्चच्या आवारात. कचेरीत डबा खाताना, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावसभावाकडून आणि अलीकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन ओळींच्या चित्रातून तो समोर येतो. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर या शहरात आले तेव्हापासून इथे मराठी बायबल वाचले जात आहे, आणि त्यावर वादही होत आले आहेत. धर्मग्रंथावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न तर या शहराने १८९९ मध्ये पंचगंगेवर सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात उघडपणे लढवलेला आहे. त्यामुळे “आमच्या ग्रंथात तसे लिहिले आहे” एवढ्या उत्तरावर इथला माणूस गप्प बसत नाही, आणि त्याने बसावे अशी अपेक्षाही धरू नये.

वादग्रस्त वचनाला उत्तर देण्याची एक रीत या लेखात पायरीपायरीने मांडली आहे. तिची अट एकच आहे आणि ती कठीण आहे : जो नियम समोरच्याने पुढे केलेल्या वचनाला लावायचा, तोच नियम आधी आपल्या आवडत्या वचनाला लावायचा. अडचणीचे वचन आले की आपण “संदर्भ पाहा” म्हणतो आणि सोयीचे वचन मात्र संदर्भातून तोडून चौकटीत बसवतो. हे विचारणाऱ्याच्या लक्षात येते, आणि मग उत्तर बरोबर असूनही पटत नाही.

पहिली पायरी : प्रश्न कोणाचा आहे ते ओळखणे

एकच वचन तीन वेगळ्या माणसांकडून आले तर तो एकच प्रश्न असत नाही. ख्रिस्ती नसलेला शेजारी विचारतो तेव्हा त्याला बहुधा त्या वचनाचा समाजावर, घरावर काय परिणाम होतो हे जाणून घ्यायचे असते. दारावर येणारे यहोवाचे साक्षीदार, म्हणजे ख्रिस्ताला पित्यासमान देव न मानणाऱ्या पंथाचे प्रचारक, विचारतात तेव्हा त्यांच्या हातातही बायबल असते आणि त्यांचा युक्तिवाद तयार असतो. तिसरा माणूस आपल्याच मंडळीतला असतो आणि त्याच्या प्रश्नामागे पुष्कळदा दुखावलेपण असते : कुणीतरी त्याला सांगितलेले असते की तुझा विश्वास कमी पडला म्हणून तुझे मूल बरे झाले नाही. अशा माणसाला ग्रीक हस्तलिखितांची माहिती देत बसणे हा निर्दयपणा होय.

म्हणून उत्तर देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हे वचन तुमच्यासमोर कुठे आले, आणि त्यातले नेमके काय खटकले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर अनेकदा असे दिसते की वाद त्या वचनाचा नसून ते वापरणाऱ्या माणसाचा आहे.

दुसरी पायरी : आपल्याच भिंतीवरचे वचन आधी तपासणे

ख्रिस्ती घरांतील कॅलेंडरांवर आणि चौकटींत फार आवडीने लावले जाणारे एक वचन म्हणजे यिर्मया २९:११. परमेश्वराच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, असे ते सांगते. आणि दहावीचा निकाल, नोकरीची मुलाखत, घराचे कर्ज अशा प्रत्येक प्रसंगी ते पाठवले जाते. आता तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा. ते यिर्मयाने यरुशलेमेतून बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांच्या आत सर्व काही पूर्ववत होईल असे आश्वासन देतो, आणि यिर्मया ते खोटे ठरवतो. २९:१० मध्ये मुदत दिली आहे ती सत्तर वर्षांची. म्हणजे ज्यांच्या कानांवर हे पत्र प्रथम पडले त्यांपैकी बहुतेक जण परक्या मुलुखातच मरणार होते, आणि हिताचा संकल्प त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला यायचा होता. मधल्या काळात त्यांनी काय करावे हेही पाचव्या ते सातव्या वचनांत सांगितले आहे : घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा.

हे वाचल्यावर वचन निकामी होत नाही, उलट ते अधिक भक्कम होते. झटपट सुटकेचे आश्वासन देणाऱ्या हनन्याच्या विरोधात जे लिहिले गेले ते झटपट यशाची हमी म्हणून वापरता येत नाही, एवढाच फरक पडतो. फिलिप्पैकरांस ४:१३ चेही असेच आहे. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी सर्व काही करू शकतो, हे वाक्य पौल बंदिवासातून लिहितो; आणि आधीच्या दोन वचनांत ‘सर्व काही’ म्हणजे काय हे तो स्वतःच सांगतो : भरपूर असताना आणि कमी असतानाही, तृप्त असताना आणि उपाशी असतानाही समाधानी राहणे. कुस्तीच्या आखाड्यात उतरणाऱ्या पोराने ते वचन जरूर म्हणावे, पण हरल्यावरही ते तितकेच लागू पडते हे त्याला कुणीतरी सांगावे.

ही दोन वचने ज्याने प्रामाणिकपणे तपासली, त्याला दुसऱ्याला “पूर्ण अध्याय वाचा” म्हणण्याचा अधिकार मिळतो.

तिसरी पायरी : वचनाच्या वर आणि खाली काय आहे ते वाचणे

अध्यायांचे सध्याचे विभाग तेराव्या शतकातले आहेत आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. पौलाने ‘वचन’ लिहिले नाही, पत्र लिहिले. म्हणून वहीत वचन उतरवून घेताना त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेदही उतरवावा, आणि शक्य असल्यास बायबल सोसायटीच्या ‘पवित्र शास्त्रा’सोबत सुबोध भाषांतरही शेजारी उघडून ठेवावे. दोहोंत फरक दिसला तर तो उत्तर देण्यापूर्वीच माहीत असलेला बरा.

सोपे उदाहरण मत्तय ७:१ चे. कोणाचे दोष काढू नका, हे वचन आजकाल कोणत्याही टीकेचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जाते, आणि ते वापरणाऱ्यांत ख्रिस्ती पुढारीही असतात. परंतु पाचव्या वचनात येशू आपल्या डोळ्यांतले मुसळ आधी काढून मग भावाच्या डोळ्यांतले कुसळ काढायला सांगतो, म्हणजे कुसळ काढायचेच आहे. सहाव्यात पवित्र वस्तू कुत्र्यांना घालू नका म्हणतो आणि पंधराव्या-सोळाव्यात खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा म्हणतो. पारख केल्याशिवाय यांपैकी काहीच करता येत नाही. बंदी आहे ती ढोंगी न्यायनिवाड्याला. मंडळीच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला गप्प करण्यासाठी हे वचन वापरता येणार नाही.

घराशी संबंध येणारी वचने मात्र इतक्या झटपट हातावेगळी होत नाहीत, आणि आपल्याकडे ती सर्वाधिक बोचतात. लूक १४:२६ मध्ये येशू म्हणतो की जो आपल्या आईबापांचा, बायकोमुलांचा, भावाबहिणींचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही. “म्हणजे तुमचा धर्म घर फोडायला शिकवतो,” असे एखादे मामा किंवा काका म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादे खरे घर असते. इथे उत्तर तीन भागांत द्यावे.

पहिला भाग भाषेच्या वळणाचा. इब्री बोलण्यात कमी प्रीतीला ‘द्वेष’ म्हणण्याची रीत आहे. उत्पत्ती २९:३० मध्ये याकोबाची राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रीती होती असे म्हटले आहे आणि पुढच्याच वचनात लेआ नावडती होती असे येते. मत्तयाने येशूचे असेच बोलणे नोंदवले आहे ते उघडच तुलनेच्या रूपात : जो माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करतो (१०:३७). दुसरा भाग येशूच्या इतर शिकवणीचा. देवाला अर्पण केल्याची सबब सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना तो मार्क ७:९–१३ मध्ये खडसावतो, आणि वधस्तंभावरून आपल्या आईची सोय शिष्याकडे लावतो (योहान १९:२६–२७). स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट आहे, असे १ तीमथ्य ५:८ सांगते. तिसरा भाग बहुतेक जण गाळतात, तो गाळू नये : एवढे सांगितल्यावरही वचनाची धार शिल्लक राहते. आईबापांची सेवा करावी, त्यांचा मान राखावा, पण विवेकाच्या शेवटच्या प्रश्नात त्यांचा शब्दही देवाच्या शब्दाच्या खाली राहतो, असा त्याचा अर्थ आहे. मामांना हे पटणार नाही कदाचित. परंतु वचन गुळगुळीत करून सांगितल्यापेक्षा हे ऐकून त्यांचा विश्वास अधिक बसेल.

मत्तय १०:३४ मधील तलवार वर आलेल्या १०:३७ च्याच अध्यायातली. शांतता आणायला मी आलो नाही तर तलवार, या वाक्याचा वापर ख्रिस्ती धर्म हिंसेला मान्यता देतो असे दाखवण्यासाठी केला जातो. त्याच अध्यायाच्या सोळाव्या वचनात शिष्यांना लांडग्यांमध्ये मेंढरांसारखे पाठवले आहे. पस्तिसाव्या-छत्तिसाव्यात मीखा ७:६ मधील घरातल्या फुटीचे शब्द आले आहेत. आणि लूकाने हेच बोलणे नोंदवताना तलवारीच्या जागी फूट म्हटले आहे (१२:५१). ती तलवार शिष्यांच्या हातात नाही, ती त्यांच्यावर पडणार आहे. गेथशेमाने बागेत एका शिष्याने खरी तलवार उपसली तेव्हा येशूने ती म्यानात घालायला लावली (मत्तय २६:५२). हे सांगून झाल्यावर ख्रिस्ती राजांनी इतिहासात प्रत्यक्षात काय केले असा प्रश्न येणारच. त्याला उत्तर म्हणून त्या राजांचा बचाव करू नये. त्यांनी या बोलण्याविरुद्ध वर्तन केले, इतके म्हणणे पुरेसे आणि खरे आहे.

चौथी पायरी : अवघड वचन स्पष्ट वचनांच्या उजेडात ठेवणे

आपल्या भागात हमखास निघणारा एक प्रश्न युरोप-अमेरिकेत लिहिलेल्या उत्तरांच्या संग्रहांत फारसा सापडत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. बायबलातही पुनर्जन्म आहे आणि चर्चने तो लपवला, असे अनेक सुशिक्षित मंडळी मनापासून मानतात. त्यासाठी दोन आधार दिले जातात. एक, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी येशू म्हणतो की येणारा एलीया तो हाच आहे (मत्तय ११:१४). दुसरा, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की हा आंधळा जन्मला तर पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे (योहान ९:२). जन्मापूर्वी पाप करायचे तर मागचा जन्म हवाच, असा युक्तिवाद असतो. आणि कर्मसिद्धांताच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला तो सुचणे अगदी स्वाभाविक आहे. त्याची टर उडवू नये.

एलीयाच्या प्रश्नात स्पष्ट वचने भरपूर आहेत. २ राजे २:११ प्रमाणे एलीया मेलाच नाही, तो वावटळीतून वर घेतला गेला; जो मेला नाही त्याचा पुनर्जन्म कसा म्हणायचा? योहानाच्या जन्माआधी देवदूत त्याच्या बापाला सांगतो की तो एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने पुढे चालेल (लूक १:१७), आणि हे शब्द मलाखी ४:५ मधील भाकिताची पूर्तता सांगतात. तू एलीया आहेस काय, असे थेट विचारल्यावर योहान स्वतः नाही म्हणतो (योहान १:२१). शिवाय योहानाचा शिरच्छेद झाल्यानंतर डोंगरावर मोशेसोबत एलीया एलीया म्हणूनच दिसतो (मत्तय १७:३). म्हणजे योहानाने एलीयाचे काम केले, एलीया योहान झाला नाही. इथे एक अडचण प्रश्नकर्ता काढू शकतो : लूकातले ‘आत्म्याने’ हेच तर आम्ही म्हणतो! त्याला २ राजे २:१५ दाखवावे. एलीयाचा आत्मा अलीशावर उतरला आहे असे तिथे लोक म्हणतात, आणि अलीशा तर एलीया हयात असतानाच मोठा झालेला माणूस होता.

जन्मांधाच्या गोष्टीत शिष्यांच्या प्रश्नापेक्षा येशूचे उत्तर महत्त्वाचे आहे. याने पाप केले असे नाही आणि याच्या आईबापांनीही नाही, असे तो म्हणतो आणि दुःखाला मागच्या अपराधाशी बांधणारी साखळीच तोडतो. लूक १३:१–५ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयीही तो हेच करतो. जन्मापूर्वीच्या कर्माबद्दल बोलायचे तर रोमकरांस ९:११ मध्ये याकोब व एसाव यांच्याविषयी, ते जन्मले नव्हते आणि त्यांनी काही बरे-वाईट केले नव्हते, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि माणसाला एकदाच मरायचे व नंतर न्याय, हे इब्री ९:२७ सांगते. याउप्पर समोरचा म्हणू शकतो की मला कर्मसिद्धांत पटतो, बायबल काहीही म्हणो. तो त्याचा अधिकार आहे. वाद होता तो बायबल काय म्हणते याचा, आणि तो इथे संपतो. पुढे ओढू नये. मात्र एक सावधगिरी ख्रिस्ती वक्त्याने बाळगावी. जो उठून शेजाऱ्याच्या कर्मसिद्धांतावर टीका करतो आणि दुसऱ्याच रविवारी मंडळीतल्या आजारी बाईला “कुठले तरी पाप लपवले असेल” म्हणतो, त्याने योहान ९ स्वतःच वाचलेला नाही.

पाचवी पायरी : एका वचनावर सिद्धांत उभा राहतो आहे का ते पाहणे

यहोवाच्या साक्षीदारांशी दारावर होणाऱ्या चर्चेत योहान १४:२८ सर्वांत आधी निघते : पिता माझ्यापेक्षा थोर आहे. त्याच्या पाठोपाठ कलस्सैकरांस १:१५ येते, ज्यात ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हटले आहे. ही वचने नवी सापडलेली नाहीत. आलेक्सांद्रियाचा आरियस चौथ्या शतकात अशीच वचने घेऊन ख्रिस्त हा निर्माण केलेला आहे असे शिकवत होता आणि त्याच वादासाठी ३२५ मध्ये नायसियाची परिषद भरली. चर्चने ही वचने झाकली असे नव्हे. ती वाचून, त्यांवर अनेक दशके भांडून मतांगीकार, म्हणजे विश्वासाचा जाहीरनामा, ठरला. आपण उपासनेत नायसिन मतांगीकार म्हणतो तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी युक्तिवादाला दिलेले उत्तर असतो, हे शब्बाथ शाळेत शिकवायला हवे होते असे मला नेहमी वाटते.

पहिल्या वचनाला उत्तर योहानाच्याच शुभवर्तमानातून द्यावे, कारण लेखक स्वतःशी विसंगत लिहील असे मानण्यापूर्वी त्याचे सगळे म्हणणे ऐकले पाहिजे. त्याचा आरंभ शब्द देव होता याने होतो (१:१) आणि शेवटाकडे थोमा येशूला माझा प्रभू व माझा देव म्हणतो, तेव्हा येशू त्याला आवरत नाही (२०:२८). मधे ५:२३ मध्ये पित्याचा करतात तसाच पुत्राचा सन्मान सर्वांनी करावा असे आहे. मग थोर कोणत्या अर्थाने? फिलिप्पैकरांस २:६–८ मध्ये ख्रिस्ताने दासाचे रूप धारण केले आणि स्वतःला लीन केले असे आहे. योहान १४ मधले बोलणे त्याच नम्र अवस्थेतले, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीचे आहे. देवपणात समान आणि माणूसपणात पित्याहून कमी, ही मांडणी चर्चमध्ये ऑगस्टिनच्या काळापासून चालत आली आहे.

‘ज्येष्ठ’ या शब्दावर जो भर दिला जातो त्याला बायबलातील वापरच उत्तर देतो. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दाविदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा. यिर्मया ३१:९ मध्ये एफ्राइमाला ज्येष्ठ म्हटले आहे, जरी जन्माने मनश्शे थोरला होता. तिथे मान आणि वारसा सांगायचा आहे, जन्मक्रम नव्हे. कलस्सैकरांसचे पुढचेच वचन सर्व काही त्याच्या द्वारे निर्माण झाले असे म्हणते. साक्षीदारांच्या भाषांतरात तिथे ‘इतर’ असा शब्द घातलेला आहे, जो ग्रीक पाठात नाही. हे शांतपणे दाखवावे. दोन भाषांतरे शेजारी ठेवून समोरच्यालाच वाचायला सांगणे हा सर्वांत चांगला मार्ग. दार आपटू नये. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारण्यात कोणत्याही सिद्धांताचे नुकसान होत नाही.

सहावी पायरी : चुकीचा अर्थ जिवावर बेतणार असेल तर गय न करणे

आतापर्यंतच्या वादांत मतभेद राहिला तरी चालतो. आजार आणि औषधाच्या बाबतीत तो चालत नाही. मार्क १६:१८ मध्ये विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्याले तरी बाधणार नाही असे आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक असल्याने हे वचन इकडे थट्टेच्या सुरातही विचारले जाते. त्याविषयी पहिली गोष्ट सांगायची ती ही की मार्क १६:९–२० हा भाग चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन अत्यंत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. तो भाग जुना आहे, दुसऱ्या शतकातील इरेनेयसला तो माहीत होता. परंतु केवळ त्याच्या आधारावर कोणतीही रीत उभारणे शहाणपणाचे नाही. दुसरी गोष्ट, भाग मूळचा मानला तरी त्यात आज्ञा नाही. मिलिता बेटावर पौलाच्या हाताला साप डसला तेव्हा तो सरपण गोळा करत होता, प्रात्यक्षिक दाखवत नव्हता (प्रेषितांची कृत्ये २८:३–५). आणि सैतानाने स्तोत्र ९१ मधील वचन म्हणून दाखवत मंदिराच्या शिरोभागावरून उडी मारायला सांगितले तेव्हा येशूने दुसरे वचन पुढे करून नकार दिला : परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस (मत्तय ४:५–७).

यशया ५३:५ चा गैरवापर याहून अधिक होतो. त्याच्या जखमांनी आपल्याला आरोग्य मिळाले आहे, म्हणून औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे काही प्रार्थनासभांत सांगितले जाते. उत्तर देताना एका टोकाला जाऊन या वचनाचा शरीराशी काही संबंधच नाही असे म्हणू नये, कारण मत्तय ८:१७ मध्ये त्याच अध्यायातले चौथे वचन रोग बरे करण्याच्या संदर्भात घेतले आहे. पेत्राने मात्र पाचवे वचन पापांच्या संदर्भात घेतले (१ पेत्र २:२४). संपूर्ण आरोग्य वचनबद्ध आहे, पण शरीराच्या मुक्तीची आपण अजून वाट पाहत आहोत असे रोमकरांस ८:२३ म्हणते. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून तो पुढे गेला, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. याकोब ५:१४ मध्ये मंडळीतील वडीलजनांना बोलावून प्रार्थना करायला सांगितले आहे. डॉक्टरांना बोलावू नका असे कुठेही नाही.

या भागातील ख्रिस्ती लोकांना तर हे सिद्ध करावेच लागू नये. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि कोल्हापुरात मेरी वॉनलेस रुग्णालय उभे राहिले ते याच बायबलावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या हातून. तरीही कुणी तापाने फणफणलेल्या लेकराचे औषध बंद करायला सांगत असेल तर तिथे वचनांची चर्चा थांबवून मुलाला दवाखान्यात न्यावे. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही अशा वेळी सांगायला हरकत नाही.

सातवी पायरी : जिथे ख्रिस्ती लोकांतच दोन मते आहेत तिथे तसे सांगणे

जोतिबाची यात्रा करून आलेली शेजारीण प्रसाद घेऊन दारात उभी राहते. घ्यावा की नाही? १ करिंथकरांस ८ आणि १० हे अध्याय जवळजवळ याच प्रश्नासाठी लिहिलेले आहेत, आणि तरीही त्यांच्यातून दोन उत्तरे निघतात. एकीकडे मूर्ती काहीच नाही (८:४), बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा (१०:२५), कुणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा (१०:२७). दुसरीकडे, हे अर्पण केलेले आहे असे कुणी सांगितले तर खाऊ नका (१०:२८), आणि प्रभूच्या मेजाचे व दुसऱ्या मेजाचे दोन्ही भागीदार होता येत नाही (१०:२१). प्रेषितांची कृत्ये १५:२९ मध्येही वर्ज्य करण्याचीच सूचना आहे.

माझे मत असे की पौल तीन जागा वेगळ्या करतो : पूजेतला सहभाग, बाजारातली खरेदी आणि शेजाऱ्याच्या घरचे जेवण. पूजेत तो भाग घेऊ देत नाही, बाजाराविषयी त्याला फिकीर नाही आणि जेवणाच्या बाबतीत तो शेजारी बसलेल्याच्या विवेकाकडे पाहायला सांगतो. दारात आलेला प्रसाद या तिन्हींच्या सीमेवर पडतो, म्हणूनच प्रामाणिक माणसांत मतभेद होतो. जे घेत नाहीत त्यांनी दोन्ही हात जोडून, घरातल्या माणसांची आपुलकीने चौकशी करून नम्रपणे सांगावे. जे स्नेह म्हणून घेतात त्यांनी नुकत्याच विश्वासात आलेल्या भावाचा विवेक त्यामुळे दुखावत नाही ना हे पाहावे, कारण आठव्या अध्यायाचा सगळा भर त्यावर आहे. शेजारणीला ताटकळत ठेवून तिच्यासमोर करिंथकरांसचे पत्र उघडणे मात्र दोन्ही पक्षांना शोभत नाही.

स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे (१ करिंथकरांस १४:३४) हे वचन याच वर्गातले. त्याच पत्रात ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात असे गृहीत धरले आहे, त्यामुळे सरसकट मौन हा अर्थ टिकत नाही. परंतु त्यापुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्त्रियांना पाळकीय दीक्षा देते आणि रोमन कॅथलिक चर्च देत नाही, ही वस्तुस्थिती आहे. विचारणाऱ्याला दोन्ही बाजूंची वचने दाखवावीत आणि आपली मंडळी कुठे उभी आहे ते सांगावे. याकोब २:२४ आणि रोमकरांस ३:२८ यांतील वाद, म्हणजे माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो की कृतींनीही, त्या मानाने बराच निवळला आहे : पौल उत्पत्ती १५ मधल्या अब्राहामाकडे बोट दाखवतो, याकोब त्यानंतर अनेक वर्षांनी घडलेल्या उत्पत्ती २२ कडे, आणि कॅथलिक व लूथरन चर्चांनी १९९९ मध्ये या विषयावर संयुक्त घोषणापत्रही काढले.

प्रत्यक्ष उत्तर देताना

लगेच उत्तर देण्याचे बंधन कुणावरही नाही. दोन दिवसांनी सांगतो असे म्हणून वचन, त्याचा परिच्छेद, त्या विषयावरचे सर्वांत स्पष्ट वचन आणि आपला निष्कर्ष अशा चार गोष्टी एका पानात लिहून काढाव्यात आणि पाळकांना किंवा वाचनाची सवय असलेल्या एखाद्या वडील माणसाला दाखवाव्यात. भेटीत आपण बोलण्यापेक्षा समोरच्याला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावे. निम्मे प्रश्न वाचतानाच सुटतात. एका बैठकीत एकच वचन घ्यावे. प्रश्नकर्ता एकावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागला तर राहिलेली वचने कागदावर टिपून पुढच्या वेळेसाठी ठेवावीत.

काही वचनांची वकिली करूच नये. बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटणारा धन्य, हे स्तोत्र १३७:९ कुणी वाचून दाखवले तर ते सुंदर आहे असे सिद्ध करण्याची धडपड व्यर्थ आहे. ते शहर जाळले गेल्यावर, माणसे बंदिवान म्हणून ओढून नेली गेल्यावर केलेला आक्रोश आहे. त्यात आज्ञा नाही, आणि शत्रूंवर प्रीती करायला सांगणाऱ्या येशूने ते कधी आपल्या शिकवणीचा आधार केले नाही. बायबल असा आक्रोशही काटछाट न करता जपते, इतकेच म्हणावे.

केव्हा बोलावे आणि केव्हा नाही, याविषयी नीतिसूत्रे २६:४ सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ सांगते की दे. बायबल स्वतःच्या विरोधात बोलते याचा पुरावा म्हणून ही जोडी नेहमी दाखवली जाते, पण संग्रह करणाऱ्याने ती दोन्ही वाक्ये मुद्दाम एकाखाली एक ठेवली आहेत. कोणते कधी लागू करायचे हे वाचणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवायचे. रात्री अकरा वाजता गटात कुणी टाकलेल्या चित्राला बहुधा चौथे वचन लागू पडते. तोच माणूस सकाळी कचेरीत येऊन तोच प्रश्न खुर्ची ओढून विचारू लागला, तर पाचवे.